मातृवृक्षाचा पत्ता

फळझाडाचे कलम विकत घेणारा माणूस ज्या भरवशावर पैसे मोजतो, तेवढा भरवसा दुसऱ्या फारशा कुठल्या खरेदीत टाकावा लागत नाही. कापड हातात धरून बघता येते, बैल चालवून बघता येतो. पिशवीतल्या दीड फुटी कलमाकडे बघून ते हापूसचे की पायरीचे हे ओळखणारे जाणकार मोजकेच. ते निरोगी झाडावरून घेतले आहे का, हे तर त्यांनाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही. खरेखोटे कळते ते चौथ्या-पाचव्या वर्षी, पहिला मोहोर टिकून फळ हाती आल्यावर. तोवर खड्डे, शेणखत, कुंपण, पाणी, राखण यांवर इतका खर्च झालेला असतो की जात चुकली हे उमगल्यावरही झाडाला कुऱ्हाड लावायला हात धजत नाही.

म्हणून रोपवाटिकांचा धंदा गेल्या तीन-चार पिढ्यांत कसा बदलला हे पाहताना मला यंत्रे, शेडनेट आणि उलाढाल यांपेक्षा एक प्रश्न मोठा वाटतो: रोप घेणाऱ्याने भरवसा टाकायचा कोणावर? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर झाड स्वतः देत असे. मधल्या काळात ते विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर आले आणि आता ते कागदावर, प्रयोगशाळेत, काही ठिकाणी करारनाम्यात शोधावे लागते. पुढच्या पानांत कोकणातले कलमवाले, वऱ्हाडातले संत्र्याचे डोळे बांधणारे, सोलापूरकडचे डाळिंबवाले आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरचे शोभेच्या झाडांचे व्यापारी आपापल्या कामाबद्दल बोलणार आहेत. त्यांचे बोलणे वाचताना हा प्रश्न वाचकाने मनात ठेवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात भेटकलमापासून करावी लागेल. गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी आंब्याच्या कलमांचा प्रसार केला असे मानले जाते. पुढे कोकण किनाऱ्यावर ही विद्या इतकी रुजली की पुढची काही शतके आंब्याचे कलम म्हणजे भेटकलमच. रायवळ आंब्याचा बाठा रुजवून वर्षभर वाढवलेले रोप कुंडीसकट मूळ झाडापाशी न्यायचे. झाडाची फांदी खाली वाकत असेल तर ठीक, नाहीतर बांबूचा मांडव उभारून कुंड्या वर चढवायच्या. रोपाचे खोड आणि त्याच जाडीची फांदी, दोघांचीही साल बोटभर लांबीत सोलून ती अंगे एकमेकांना भिडवून बांधायची. मग दोन-तीन महिने त्या कुंड्यांना पाणी घालत राहायचे. सांधा जुळला की फांदी एकदम तोडायची नाही. आधी अर्धी खाच द्यायची, काही दिवसांनी पूर्ण तोड. मगच कलम आपल्या पायावर उभे राहते.

हे काम अतिशय संथ. मूळ झाडाच्या आवाक्यात जेवढ्या कुंड्या मावतील तेवढीच कलमे, त्यामुळे एका माणसाचा धंदा फार वाढण्यासारखा नव्हताच. पण या संथपणात एक मोठी सोय दडलेली होती. कलम जन्माला येत होते ते आईच्या अंगाखांद्यावर. गिऱ्हाईक बागेत आले की त्याला झाड दिसे, झाडाला लटकलेली कलमे दिसत, आणि हंगामात आले तर फळही चाखता येई. फसवायचे म्हटले तरी फसवणे अवघड होते. आपल्याकडच्या जुन्या बागाइतदारांच्या बोलण्यात अजूनही 'अमक्याच्या परड्यातल्या झाडावरचे कलम' असा उल्लेख येतो. त्या झाडाला गावात पत्ता होता.

हीच भेटकलमे पुण्याहून थेट अमेरिकेत गेली, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पुण्याचे गणेशखिंड उद्यान १८७३ सालचे. तिथल्या कामाशी जोडलेले जी. मार्शल वुड्रो हे वनस्पतितज्ज्ञ आंब्याचे मोठे अभ्यासक होते आणि पुढे १९०४ साली त्यांनी आंब्याच्या जातींवर पुस्तकही लिहिले. १८८९ साली अमेरिकेच्या शेती खात्याने त्यांच्यामार्फत मलगोब्याची सहा भेटकलमे मागवली. ती फ्लॉरिडात लावली गेली आणि १८९४-९५ च्या हिवाळ्यातल्या कडाक्याच्या थंडीतून त्यातले एकच झाड वाचले. त्या झाडाच्या बाठ्यापासून वाढलेले 'हेडन' हे झाड १९१० मध्ये फळावर आले आणि अमेरिकेतल्या व्यापारी आंब्याचा पाया त्याच्यावर उभा राहिला. जगाच्या बाजारात सर्वाधिक दिसणारा 'टॉमी ॲटकिन्स' हा हेडनचाच वंशज. पुण्यातून बोटीने गेलेल्या सहा कलमांची ही वंशावळ आज सांगता येते, कारण कुठून काय आले याची नोंद त्या वेळी कोणीतरी केली होती. गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. उशिरा झाले, पण बरे झाले.

त्याच गणेशखिंडीत १९३६ साली डॉ. चिमा यांनी आळंदीच्या डाळिंबातून निवड करून जी जात पुढे आणली, तीच आपली 'गणेश'. त्या काळात सरकारी फळबागेची रोपवाटिका म्हणजे खात्रीचे ठिकाण होते. पुण्यातच १८३० पासून काम करणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी आणि तिचे एम्प्रेस गार्डन होते. शहरातल्या हौशी माणसाला गुलाबाचे किंवा क्रोटनचे रोप हवे असले तर तो तिकडे जाई. खासगी नर्सऱ्या होत्या त्या बहुतेक माळी कुटुंबांच्या, विहिरीच्या कडेला, मातीच्या कुंड्यांत. काळी प्लास्टिकची पिशवी यायला अजून बराच अवकाश होता.

खरा बदल झाला तो कोयकलमाने. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ सुरू झाले आणि त्यानंतरच्या काळात हे तंत्र कोकणभर पसरले. त्याची करामत बघण्यासारखी आहे. मे-जूनमध्ये रायवळ आंब्याचे बाठे गोळा करून ते ताजे असतानाच गादीवाफ्यावर घालतात, कारण बाठ्याची उगवण्याची ताकद महिनाभरात सरते. पंधरा दिवसांत तांबूस कोवळा कोंब वर येतो. पाने अजून हिरवी झालेली नाहीत, खोड काडीइतके नाजूक, अशा वेळी ते रोप बाठ्यासकट उपटून धुऊन घेतात. कलम बांधणारा चाकूने कोंब बाठ्याच्या वर तीन-चार बोटांवर छाटतो आणि मधोमध उभा चिरतो. दुसऱ्या हातात मूळ झाडावरून आणलेली तीन-चार महिन्यांची, टोकाचा डोळा फुगलेली काडी असते. आठ-दहा दिवस आधीच तिची पाने झाडावरच छाटून ठेवलेली असतात, म्हणजे सगळा जोर डोळ्यात येतो. काडीचे बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची, सालीला साल लागली का बघायचे आणि बोटभर रुंद प्लास्टिकच्या पट्टीने गुंडाळायचे. पट्टीचा शेवटचा फेरा स्वतःखालीच अडकवला की गाठीचीही गरज नाही. मुरलेल्या कारागिराचे हात हे सगळे इतक्या चटकन करतात की बघणाऱ्याला चीर कधी दिली आणि पाचर कधी बसली ते समजत नाही. लगेच ते पिशवीत लावून सावलीत ठेवायचे. जुलै-ऑगस्टची दमट हवा बाकीचे काम करते. पंधरा-वीस दिवसांत डोळा फुटला की कलम लागले.

या कारागिरांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण त्यांची नावे कुठल्याच पाटीवर नसतात. नर्सरीचा मालक वेगळा, कलम बांधणारा वेगळा. त्याला मजुरी मिळते ती बांधलेल्या नगावर. हंगाम दीड-दोन महिन्यांचा. त्याच्या चाकूला जरा धार कमी पडली, पाचर एका बाजूने जाड झाली, तर शेकड्यात पंधरा-वीस कलमे जास्त मरतात आणि तोटा धंद्याला बसतो. पिशव्या भरायला, तण काढायला, रोपे उचलायला बायका असतात, आणि नर्सरी चालते ती त्यांच्या वाकलेल्या पाठींवर. फलोत्पादनाच्या यशाची जी वर्णने आपण वाचतो त्यांत या दोघांना जागा नसते. या पुस्तकात ती मिळाली आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

कोयकलमाने कलमांची संख्या कितीतरी पट वाढली, किंमत आटोक्यात आली, लहान शेतकऱ्यालाही हापूस लावणे परवडू लागले. दापोलीची 'रत्ना', वेंगुर्ल्याच्या काजूच्या जाती घरोघरी पोचल्या त्या कलमांच्या या नव्या वेगामुळेच. पण याच पायरीवर झाड आणि गिऱ्हाईक यांची ताटातूट झाली. आता कुंडी झाडाकडे जात नव्हती, काडी झाडापासून तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात जात होती. कलम घेणाऱ्याला आई दिसेनाशी झाली. उरला तो विकणाऱ्याचा शब्द.

कायदा करणाऱ्यांना हे दिसत नव्हते असे नाही. फळरोपवाटिकांना परवाना सक्तीचा करणारा कायदा महाराष्ट्रात १९६९ सालचा आहे. खुंट कुठला, काडी कोणत्या झाडावरची, याची नोंद ठेवावी, रोपाला जातीची चिठ्ठी असावी, रोगट रोपे नष्ट करावीत, हे सगळे त्या विचारात आहे. पुढे १९९०-९१ मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि राज्यभर कलमांना अचानक प्रचंड मागणी आली. ती योजना मी महाराष्ट्राच्या शेतीतल्या सर्वांत चांगल्या निर्णयांपैकी एक मानतो. कोरडवाहू वरकस जमिनींवर आंबा, काजू, चिकू, सीताफळ, बोर उभे राहिले ते तिच्यामुळे. पण मागणी एवढी आणि चांगल्या मातृवृक्षांच्या बागा थोड्या, अशा वेळी काय होते ते सांगायला नको. मिळेल त्या झाडावरची काडी घेतली गेली. बागेत एकाच नावाची पन्नास झाडे आणि फळ चार तऱ्हांचे, असे अनुभव त्यानंतर अनेक गावांत ऐकू येऊ लागले.

जात चुकली तर एका शेतकऱ्याचे नुकसान होते. रोग आला तर साऱ्या मुलखाचे होते. डाळिंबाने हे दाखवून दिले. राहुरी विद्यापीठाची 'भगवा' जात २००३-०४ च्या सुमारास आली. लालभडक दाणा, टिकाऊ साल, निर्यातीला सोयीची, म्हणून सोलापूर, सांगोला, पंढरपूर, सटाणा, मालेगाव अशा कमी पावसाच्या भागात तिने पैसा आणला. डाळिंबाची लागवड गुटी कलमाने होते आणि गुटी बांधणे कोणालाही जमते. पेन्सिलीएवढ्या फांदीची गोल साल काढायची, मुळे फुटायचे संजीवक लावायचे, ओले मॉस गुंडाळून वर प्लास्टिक बांधायचे. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. त्यामुळे ज्याची बाग तोच नर्सरीवाला झाला. पावसाळ्यात बागेतच हजारो गुट्या बांधायच्या आणि जोडउत्पन्न म्हणून विकायच्या. पण तेल्या रोगही पावसाळी हवेतच फैलावतो. वरून तजेलदार दिसणाऱ्या फांदीत त्याचे जिवाणू दबून असू शकतात. रोगट बागेतली गुटी ट्रकमध्ये बसून दोनशे-तीनशे किलोमीटर गेली, तिथल्या नव्या बागेत तेल्या घेऊन उतरली आणि दोन वर्षांनी त्या बागेतूनही गुट्या निघाल्या. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये सोलापुरात सुरू झाले तेव्हा वणवा लागलेला होता. बागा उपटाव्या लागल्या, माणसे कर्जात बुडाली. फवारणी, हवामान, खतांचा अतिरेक ही कारणेही खरी, पण रोग गावोगाव पोचवला तो लागवडीच्या रोपांनी, यात मला शंका वाटत नाही. ज्या शेतकऱ्याने गुटी विकली त्यालाही ते बहुधा माहीत नव्हते. यावरून धडा घ्यायचा तो एवढाच की, चांगल्या हेतूने दिलेला शब्द पुरेसा नसतो, त्यामागे तपासणी लागते.

वऱ्हाडात वरुड तालुक्यातले शेंदुरजना घाट हे संत्र्याच्या कलमांचे मोठे केंद्र. तिथे जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात आणि पावसाळ्यात ही कलमे राज्याबाहेरही जातात. पिढ्यानपिढ्यांची ही विद्या आहे आणि डोळा भरण्यात तिथल्या माणसाचा हात धरणारे कमी. तिथला प्रश्न जमिनीतला आहे. त्याच त्या वाफ्यांत वर्षानुवर्षे रोपे वाढवली की मुळे कुजवणारी, डिंक्या आणणारी बुरशी मातीत मुक्काम करते आणि रोपाच्या मुळांबरोबर गिऱ्हाइकाच्या शेतात जाते. निर्जंतुक मातीत, उंचावर ठेवलेल्या पिशव्यांत रोपे वाढवण्याचा आग्रह नागपूरचे संशोधक अनेक वर्षे धरत आले आहेत. तशी कलमे महाग पडतात. शेजारी निम्म्या दरात कलम मिळत असताना महागाचे कोण घेणार, हा नर्सरीवाल्याचा सवाल खोटा नाही. स्वस्त कलमाची खरी किंमत दहाव्या वर्षी वाळलेल्या झाडांत मोजावी लागते, हे गिऱ्हाइकाला पटेपर्यंत हा सवाल सुटणार नाही.

द्राक्षांची गोष्ट आणखी निराळ्या वळणाने गेली. सांगली जिल्ह्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्सनच्या बागेत हेरलेली 'तास-ए-गणेश', नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेली 'सोनाका', या शेतकऱ्यांनी शोधलेल्या जाती. त्या पसरल्या हातोहात. छाटणीच्या वेळी पाहुण्यांनी काड्यांची मोळी नेली, शेजाऱ्याने नेली, आणि काही वर्षांत मुलूख व्यापला. खारवट पाणी आणि दुष्काळ यांमुळे डॉगरिजसारखे खुंट आल्यावर खुंटरोपांची वेगळी बाजारपेठ तयार झाली. आता परदेशी कंपन्यांच्या हक्काच्या जाती नाशिक भागात आल्या आहेत. त्या रोपाबरोबर करार येतो. काडी दुसऱ्याला द्यायची नाही, स्वतः वाढवायची नाही, फळामागे स्वामित्वशुल्क भरायचे. संशोधनाला पैसा लागतो आणि तो वसूल व्हावा हे मला मान्य आहे. तरीही काडी मोफत देण्याच्या रीतीवरच आपली द्राक्षशेती उभी राहिली, हे विसरून हा व्यवहार होऊ नये. आपल्या विद्यापीठांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून नव्या जाती काढल्या नाहीत, तर उद्या दर्जेदार रोपासाठी परदेशी परवान्याशिवाय वाट उरणार नाही.

केळीत बदल सर्वांत झपाट्याने झाला. रावेर-यावलकडे पूर्वी जुन्या बागेतले कंद खणून लावत. आता जळगावातून निघालेली ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपे सगळीकडे. बाग एकसारखी निसवते, माल एकदम कापता येतो. पण इथेही आई बाटलीच्या आत आहे. मूळ झाड विषाणूमुक्त होते की नाही हे प्रयोगशाळेलाच ठाऊक.

भाजीपाल्यात तर नर्सरी हा धंदाच नवा. टोमॅटो, मिरची, कोबीची रोपे घरच्या गादीवाफ्यावर टाकायची, उरली तर शेजाऱ्याला द्यायची, ही रीत पंचवीस-तीस वर्षांत मागे पडली. संकरित बियाण्याचा एकेक दाणा मोजून घ्यावा इतका महाग झाल्यावर ते वाफ्यात विस्कटून टाकणे परवडेना. नारायणगाव, पिंपळगाव भागात शेतकरी बियाण्याची पाकिटे घेऊन नर्सरीत येतो आणि रोपाच्या नगावर दर ठरतो. ९८ किंवा १०४ खळग्यांचे ट्रे, त्यांत कोकोपीट, एका खळग्यात एक दाणा. पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकने झाकतात, कोंब दिसले की शेडनेटखाली पसरतात. एकवीस ते पंचवीस दिवसांत टोमॅटोचे रोप तयार. निघण्याआधी दोन-चार दिवस पाणी तोडून त्याला कणखर करतात. महिला शेतकऱ्यांना आणि शेतीचे शिक्षण घेतलेल्या तरुणांना या धंद्यात चांगली वाट सापडली. राज्य सरकारने २०२० मध्ये अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने भाजीपाला रोपवाटिकांसाठी योजनाही आणली. कांदा मात्र अजून बहुतेक जण स्वतःच्या वाफ्यावरच टाकतात.

शोभेच्या झाडांचा बाजार या सगळ्यांहून मोठ्या आवाजाचा. पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचन परिसरात खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर नर्सऱ्यांची रांग लागली आहे. बांधकाम व्यावसायिक, महामार्गांचे कंत्राटदार, शहरातले गॅलरीवाले, सगळे तिथले गिऱ्हाईक. बराचसा माल आंध्रातल्या कडियमहून येतो आणि इथे काही आठवडे सावलीत राहून पुढे जातो. रोप वाढवणाऱ्यापेक्षा रोप फिरवणारा इथे अधिक कमावतो, हे मला खटकते. ३३ कोटी झाडांसारख्या सरकारी मोहिमांनी मागणी वाढवली, पण मोह, हिरडा, काटेसावर, पळस यांची स्थानिक बियांपासून वाढवलेली रोपे मागायला गेले तर अजूनही दहा ठिकाणी विचारावे लागते. ती मिळतात ती थोड्याशा ध्यासवेड्या माणसांकडे. त्यांच्या मुलाखती या पुस्तकात आहेत आणि त्या अगदी सावकाश वाचाव्यात.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १,७६६ कोटी रुपयांचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. देशातल्या नऊ केंद्रांपैकी तीन महाराष्ट्रात होणार आहेत: द्राक्षासाठी पुणे, संत्र्यासाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर. विषाणूंची तपासणी झालेले मूळ झाड आधी, त्यावरून मान्यताप्राप्त रोपवाटिकांना काडी, आणि मग शेतकऱ्याला रोप, अशी ही साखळी आहे. म्हणजे भेटकलमाच्या काळात झाडाखाली उभे राहून जे मिळत होते ते आता यंत्रणेने द्यायचे आहे. ती यंत्रणा मोठ्या नर्सऱ्यांपुरती राहिली तर कोकणातला दोन गुंठ्यांत कलमे बांधणारा माणूस धंद्यातून बाहेर फेकला जाईल. काडी त्याच्यापर्यंत परवडणाऱ्या दरात पोचली पाहिजे, त्याची तपासणी त्याच्या दारात झाली पाहिजे. कारागिरी त्याच्या हातात आहे.

वाचकांपैकी अनेक जण येत्या पावसाळ्यात कुठे ना कुठे रोप घेणार आहेत. बाग लावण्यासाठी, बांधावर, नाहीतर सोसायटीच्या आवारात. त्यांना एकच विनंती. दर विचारण्याआधी मातृवृक्ष कुठे आहे ते विचारा, खुंट कोणता ते विचारा, परवाना बघायला मागा आणि जातीचे नाव लिहिलेली पावती घ्या. ती पावती बागेला फळ येईपर्यंत जपून ठेवा.